नाकीडोळी नीटस

सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या जाहिराती आणि पूर्वी रविवारच्या पेपरात यायच्या त्या 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे'च्या जाहिराती यांत मला फारसा फरक वाटत नाही. 'एकाच मालकाची.' 'कायम गॅरेजमध्ये ठेवलेली.' 'पावसात कधी बाहेर काढली नाही.' 'निर्व्यसनी माणसाकडची' (म्हणजे आत कुणी सिगारेट ओढली नाही). वय सांगितलेलं असतं, पण दोन ओळी सोडून, चटकन डोळ्यांत भरणार नाही अशा बेताने. फोटो चांगल्या बाजूनेच काढलेला. आणि किंमत? ती समक्ष बोलू. म्हणजे देण्याघेण्याचं काय ते बैठकीत बघू.

असल्या जाहिराती वाचून त्यावर तासन्‌तास बोलणं हा आमच्या इथल्या कंपूचा रविवार सकाळचा उद्योग. न्यू जर्सीतल्या एका बेकरीच्या पार्किंग लॉटमध्ये साडेसातला जमायचं, हातात कॉफीचा कागदी कप घ्यायचा आणि दुसऱ्यांच्या गाड्यांच्या किमती ठरवायच्या. आम्ही सहा-सात जण. दोन मराठी, एक गुजराती, एक तेलुगू, एक पोलिश आणि एक निवृत्त अमेरिकन मेकॅनिक, जो आमच्या सगळ्यांपेक्षा कमी बोलतो आणि ज्याचं बोलणं झालं की विषय संपतो. निम्म्या लोकांकडे स्पोर्ट्स कार नाहीच. माझ्याकडे कॅमरी आहे. पण गल्लीतही न खेळलेला माणूस टीव्हीसमोर बसून 'अरे, ऑफला केवढी जागा सोडलीय!' म्हणतोच की नाही? तसंच हे. (पुण्याच्या मावशीने मागच्या वेळी फोनवर विचारलं होतं, 'तुम्ही लोक रविवारी नक्की करता तरी काय?' मावशी, हे करतो.)

तर गेली दहा-बारा वर्षं आमच्या गप्पा फिरून फिरून एकाच गाडीवर येतात. पोर्शा 911, आणि तीही 996 नावाची पिढी, 1997 साली आलेली. हिच्याइतकी नावं ठेवलेली गाडी त्या घराण्यात दुसरी नसेल. आणि ही नावं ठेवली गेली ती फक्त डोळ्यांपायी.

थोडं मागे जायला हवं. 911 पहिल्यांदा लोकांसमोर आली 1963 साली, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात. तेव्हा नाव 901 होतं. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, असं प्यूजोने म्हटल्यावर ते 911 झालं. मागे इंजिन, उतरती पाठ आणि पुढे दोन गोल हेडलाईट. बेडकासारखे, पण देखणे. पुढची तीस-पस्तीस वर्षं बाकी बरंच बदललं, गोल डोळे राहिले. लहान मुलाला कागदावर 911 काढायला सांगितली तर ते आधी दोन गोल काढेल.

मग 1990 चं दशक आलं आणि पोर्शाचे वाईट दिवस सुरू झाले. 1986 च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकणारी कंपनी 1993 पर्यंत पंधरा हजारांच्याही खाली आली. दुकान बंद व्हायची किंवा कुणीतरी मोठ्याने गिळायची वेळ. व्हेंडेलिन व्हीडेकिंग नावाचा इंजिनियर प्रमुख झाला. त्याने टोयोटात काम केलेल्या जपानी सल्लागारांना बोलावलं आणि कारखान्यातला फाफटपसारा काढायला लावला. त्याच काटकसरीतून ठरलं की दोन गाड्या एकत्रच करायच्या. एक नवी 911, दुसरी तिच्याहून बरीच स्वस्त, दोन सीटची, उघड्या टपाची बॉक्स्टर. दोघींची पुढची बाजू एकच. बॉनेट, पुढचे मडगार्ड, दारं आणि हेडलाईट, सगळं सामाईक. एका ताग्यातून दोन बहिणींचे फ्रॉक शिवावेत तसं. आपल्याकडे कुठल्या मध्यमवर्गीय घरात हे झालेलं नाही?

त्या हेडलाईटची एक गंमत सांगतो. हाय बीम, लो बीम, इंडिकेटर, सगळं एकाच काचेखाली एका डब्यात बसवलंय. कारखान्यात तो डबा मडगार्डातल्या खाचेत सरकवायचा आणि खटका फिरवायचा, की झालं. बदलायचा तर पुढच्या डिकीतून एक लांब पाना घालून मिनिटाभरात बाहेर. कामगाराच्या दृष्टीने अप्रतिम. पण बाहेरून पाहिलं तर गोलाचा खालचा भाग ओघळलेला, आणि त्या ओघळात केशरी इंडिकेटर. जर्मन लोक त्याला 'स्पीगेलआय' म्हणाले. म्हणजे आपलं हाफ फ्राय. बलक फुटून खाली आलेलं.

झालं! इकडे श्रीमंत लोकांचं पित्त खवळलं. एक तर इंजिन पहिल्यांदाच पाण्याने थंड होणारं. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत चालले होते, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवे होते, नुसत्या हवेवर ते निभत नव्हतं. ते एकवेळ समजून घेतलं असतं. पण पासष्ट हजार डॉलर मोजून घेतलेली 911 सिग्नलला उभी असताना शेजारच्याने तिला चाळीस हजारांची बॉक्स्टर समजावं? हा अपमान मात्र कुणी विसरलं नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की त्या हेडलाईट दिसायला वाईट म्हणून बदनाम झाल्या नाहीत. त्या गरीब बहिणीच्या तोंडावरही होत्या म्हणून बदनाम झाल्या. फक्त 911 ला दिल्या असत्या तर लोकांनी 'काय धाडस केलंय!' म्हटलं असतं. हे मी पार्किंग लॉटमध्ये अनेकदा मांडलं आहे. आमचा पोलिश मित्र दर वेळी म्हणतो, 'नाही रे, वाईटच आहेत.' असो.

कंपनीनेही काय ते ओळखलं. 2002 च्या मॉडेलला 911 चे डोळे वेगळे केले, आणि 2004 मध्ये पुढची पिढी आली ती सरळ गोल डोळे घेऊनच. म्हणजे 'आमचं चुकलं' असं लेखी दिल्यासारखंच की हो. मग 996 ला कोण विचारणार?

त्यात भर पडली बेअरिंगची. त्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो, त्याच्यावरून व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळ्या फिरतात. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग बंद डब्यातलं. त्याचं सील गेलं की आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग झिजतं, साखळीचं गणित चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खलास. सुरुवातीच्या गाड्यांतलं दुहेरी ओळीचं बेअरिंग त्यातल्या त्यात दणकट, नंतरचं एकेरी जास्त नाजूक. 2001 ते 2005 मधल्या गाड्यांसाठी अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला होता, 2013 साली त्यात तडजोड झाली. बहुतेक गाड्यांचं काहीही बिघडलं नाही. पण बाजारात 'बहुतेक' या शब्दाला किंमत नसते. नवं इंजिन म्हणजे जवळजवळ त्या वेळच्या सेकंडहँड गाडीइतकाच खर्च. मुलगी चांगली आहे हो, पण घराण्यात काहीतरी आहे म्हणतात... अशी कुजबुज एकदा सुरू झाली की स्थळं येणं बंद.

परिणाम असा की 2010 ते 2015 च्या आसपास चालत्या-फिरत्या 996 पंधरा-वीस हजार डॉलरला मिळत होत्या. बॉक्स्टर तर दहा हजारांच्या आत. नव्या कॅमरीपेक्षा स्वस्त! आणि तिच्या आधीची, हवेने थंड होणारी शेवटची 911, म्हणजे 993? तिचे भाव त्याच काळात गगनाला भिडले. आजही साधी 993 घ्यायची तर दोन-तीन 996 चे पैसे लागतात. वेगात म्हणाल तर 996 पुढे, रस्त्यावर जास्त शहाणी, उन्हाळ्यात एसी लागतो. पण डोळे गोल नाहीत ना!

आमच्या कंपूतल्या दुसऱ्या मराठी माणसाने 2013 साली हीच संधी साधली. हा माझा मित्र मूळचा कागलजवळच्या एका गावचा. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर, शिक्षण कोल्हापूरला, 2000 साली इकडे आला. एकुलता एक. त्याच्या वसतिगृहातल्या खोलीत भिंतीवर 911 चं एक चित्र होतं, कुठल्यातरी मासिकातून कापलेलं. आपल्याला ती कधी परवडेल असं त्याला इकडे आल्यावरही वाटलं नव्हतं. लोकांनी नाक मुरडलं म्हणून ती त्याच्या आवाक्यात आली. 1999 ची, चंदेरी, मॅन्युअल गिअरची, बासष्ट हजार माइल चाललेली. साडेअठरा हजार डॉलर. क्लच बदलायचाच होता, गिअरबॉक्स उतरवावाच लागणार होता, तेव्हा त्याने लगेहात ते बेअरिंगही बदलून घेतलं. पावत्या एका बुटाच्या खोक्यात, तारखेवार. डॅशबोर्डावर अंगठ्याएवढा गणपती, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेला.

त्याने ही बातमी घरी सांगितली तेव्हा घरच्यांना काही कौतुक वाटलं नाही. माझ्या सांगलीच्या दादाला मी सांगितलं तर तो म्हणाला, 'चौदा वर्षांची गाडी? अरे, इकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओ परत पासिंगला बोलावतं. लोक काढून टाकतात, आणि तुम्ही विकत घेता?' दादाचं बरोबरच आहे. आपल्याकडे जुनी गाडी म्हणजे घरात नवी आली नाही याचा पुरावा. जुनी गाडी हौसेने, वर पैसे मोजून घ्यायची हा प्रकार दोन गाड्या दारात असल्यावर सुचतो.

2016 साली मित्राचे आईवडील इकडे आले होते. काकूंना गाडीत बसवायचा समारंभ मी स्वतः पाहिला आहे. सीट जमिनीपासून वीतभर. काकू नऊवारी सावरत, एका हाताने दार धरून खाली खाली गेल्या आणि शेवटी धपकन बसल्या. 'ह्या गाडीत बसायचं का झोपायचं रं?' फेरफटका झाल्यावर त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघं लागलो. मग त्या पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'रडून आल्यागत दिसत्यात की हिचं डोळं.'

पंचवीस-सत्तावीस वर्षं जगभरच्या जाणकारांनी त्या हेडलाईटवर पानंच्या पानं लिहिली. काकूंनी एका वाक्यात काम केलं. तेव्हापासून मला हाफ फ्राय दिसत नाही, रडून आलेले डोळेच दिसतात.

आता थोडं भावांबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. या गाड्यांची किंमत लोखंडावर ठरत नाही, माणसांच्या वयावर ठरते. पंधराव्या वर्षी जी गाडी भिंतीवर असते ती माणूस चाळिशीत शोधायला लागतो, तोवर त्याच्या हातात पैसा आलेला असतो. मग त्या वयाचे सगळे एकदम बाजारात उतरतात आणि भाव चढतात. टोयोटा सुप्राचं उदाहरण घ्या. 1990 च्या दशकातली ती गाडी अमेरिकेत इतकी कमी खपायला लागली की 1998 नंतर इथे विकणंच थांबलं. मग 2001 साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला. जी पोरं तेव्हा थिएटरात तोंड उघडं टाकून बसली होती ती वीस वर्षांनी डॉक्टर-वकील झाली, आणि 2021 मध्ये त्या सिनेमात वापरलेली केशरी सुप्रा लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. बीएमडब्ल्यूच्या एम कूपेला लोक 'विदूषकाचा बूट' म्हणायचे, दिसतेही तशीच. आता तो बूट घ्यायला रांग आहे. माझ्दा मियाटा 1989 साली नवीकोरी 13,800 डॉलरला होती. तिच्या हेडलाईट बटण दाबलं की बॉनेटमधून वर यायच्या, झोपेतून उठल्यासारख्या. तशा डोळे मिटणाऱ्या गाड्या 2004 नंतर कुणी मोठ्या प्रमाणात बनवल्याच नाहीत, आणि आज जपून ठेवलेली पहिल्या पिढीची मियाटा नवी होती तेव्हापेक्षा जास्त पैसे मागते.

तसंच 996 चं होत आलंय. 2000 साली 'नीड फॉर स्पीड'चा एक व्हिडिओ गेम आला होता, त्यात फक्त पोर्शा गाड्या होत्या. त्या गेमसमोर शाळेचा अभ्यास बुडवलेली मुलं आता पस्तिशी-चाळिशीची आहेत. त्यांना गोल डोळ्यांचं वेड नाही. त्यांच्यासाठी 911 म्हणजे ओघळलेल्या डोळ्यांचीच. आमच्या पार्किंग लॉटमध्ये हल्ली येणारा एक तरुण इलेक्ट्रिशियन त्या हेडलाईटसमोर उकिडवा बसून फोटो काढतो. आम्ही म्हातारे एकमेकांकडे बघतो.

(खरं सांगू? मलाही त्या आता आवडायला लागल्या आहेत. पण हे पोलिश मित्रासमोर बोलायचं नाही. :) )

मित्राचे वडील 2022 साली गेले. काकू गावी एकट्या राहायला लागल्या, इकडे यायचं नावही काढू देत नव्हत्या. 2024 च्या जूनमध्ये मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, कोल्हापुरात ऑपरेशन करून सांधा बदलावा लागला. मित्र महिनाभर जाऊन आला आणि आल्यावर पहिल्याच रविवारी, कॉफीचा कप गाडीच्या टपावर ठेवून म्हणाला, 'मी परत चाललोय. कायमचा.' आम्हाला वाटलं रागाने, थकव्याने बोलतोय. पण त्याचं सगळं ठरलेलं होतं. वहिनी मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत इथे राहणार, तो डिसेंबरात जाणार, ऑफिसने तिकडून काम करायला परवानगी दिली होती. घराचं ठरलं होतं, सामानाचं ठरलं होतं.

राहिली होती ती गाडी. पहिला आठवडा आम्ही ती भारतात कशी नेता येईल यावर घालवला. उत्तर सोपं आहे: येत नाही. सेकंडहँड गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणता येत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडेच हवं. ही पंचवीस वर्षांची, स्टिअरिंग डावीकडे. दोन्हीकडून नापास. गुजराती मित्राने वखारीत ठेवायची कल्पना काढली, 'दरवर्षी येशील ना, तेव्हा चालव.' वर्षात दोन आठवडे चालवायला वर्षभराचं भाडं आणि विमा? मेकॅनिक म्हणाला, 'उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा लवकर मरते.' विषय संपला.

मग किंमत ठरवायची. एवढी वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाव चुटकीसरशी ठरवत आलो. 'बावीस? वेड लागलंय त्याला, अठराच्या वर कोण देतंय!' आता तोच प्रश्न आपल्यातल्या एकाच्या गाडीचा आला तर सगळ्यांची तोंडं बंद. जास्त सांगावं तर विकली जाणार नाही आणि तो डिसेंबरात जाणार. कमी सांगावं तर त्याला वाटणार, यांना एवढीच किंमत वाटते का आपल्या गाडीची. तेलुगू मित्राने तक्ता करून आणला: गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या तशाच गाड्या, माइल, रंग, गिअर, बेअरिंग बदललंय की नाही. मॅन्युअल गिअर, बंद टप आणि मागची चाकं ओढणारी, म्हणजे जमेच्या तिन्ही बाजू. एक्क्याण्णव हजार माइल, ही वजा बाजू. चंदेरी रंग, ना अधिक ना उणा. मेकॅनिकने सिलिंडरच्या आत कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे नाहीत हे बघून फोटो काढून दिले. शेवटी 28 हजार सांगायचे ठरले.

दोन गिऱ्हाइकं आली. पहिला तो इलेक्ट्रिशियनच. त्याने चोवीस हजार जमवले होते, त्याहून एक डॉलर जास्त नव्हता, आणि तो ते लपवतही नव्हता. गाडी रोज चालवेन म्हणाला, आणि त्याने ती चालवली असती यात मला शंका नाही. दुसरा पेन्सिल्व्हेनियाचा एक गृहस्थ. गाडी न बघता, फोटो आणि बुटाच्या खोक्यातल्या पावत्यांवर, साडेसत्तावीस हजार द्यायला तयार. त्याच्याकडे अशा नऊ गाड्या आहेत, तापमान राखलेल्या गॅरेजमध्ये. 'पाच वर्षांत दुप्पट होईल', हे त्याचं वाक्य.

पार्किंग लॉटमध्ये मोठी वादावादी झाली. पोलिश मित्र म्हणाला, पोराला दे, गाडी चालवायला असते. गुजराती मित्र म्हणाला, साडेतीन हजारांचं दान करायचं असेल तर देवळात कर. मी ऐकत होतो. मित्रही ऐकत होता. मग त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर एकच हिशेब होता. साडेतीन हजार डॉलर म्हणजे त्या दिवसाच्या दराने तीन लाख रुपयांच्या घरात. काकूंजवळ चोवीस तास राहणारी बाई महिन्याला वीस हजार घेते. म्हणजे चौदा-पंधरा महिने.

'तुम्ही बोलताय ते गाडीबद्दल,' तो म्हणाला. 'मला ते पंधरा महिने दिसतायत.'

गाडी पेन्सिल्व्हेनियाला गेली. इलेक्ट्रिशियनला त्याने स्वतः फोन करून सांगितलं, आणि आपल्याकडचे हिवाळी टायर त्याला फुकट दिले. ते पोरगंही समजूतदार, 'आईसाठी ना? मग ठीक आहे' म्हणालं. मला विचाराल तर मित्राने केलं तेच योग्य केलं. गाडीने चालत राहावं वगैरे आपण म्हणतो ते ठीक, पण ते दुसऱ्याच्या आईच्या खर्चाने म्हणायला नको. तरी एक गोष्ट टोचते, ती मित्राबद्दल नाही. 2013 साली त्याच्यासारख्या टाइमकीपरच्या मुलाला ही गाडी मिळाली कारण शहाण्या लोकांना ती कुरूप वाटत होती. आता शहाण्यांना ती आवडायला लागली आहे. त्या इलेक्ट्रिशियनने तीच गाडी तशीच आवडून, तेवढेच कष्ट करून पैसे जमवले, आणि तो साडेतीन हजारांनी मागे पडला. त्याच्या वाट्याला यायला अजून कुठली तरी गाडी कुरूप उरायला हवी.

ट्रेलर आला तेव्हा थंडी मी म्हणत होती. मित्राने गणपती काढला, टेप मात्र डॅशबोर्डाला चिकटून राहिली. ड्रायव्हरने गाडी वर चढवून पट्ट्यांनी आवळली. मित्र पुढे जाऊन हेडलाईटवरचं मीठ रुमालाने पुसत होता. (इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि जुन्या गाडीला त्याच्याइतका वैरी नाही.) मग आम्ही बेकरीत जाऊन बसलो आणि भलत्याच विषयावर बोललो.

तो गेल्यावरही रविवार चालू आहेत. हल्ली चर्चा 2004 नंतरच्या, गोल डोळ्यांच्या पिढीची असते. तिचे भाव फार चढलेत आणि ती जरा सपकच आहे असं एक मत पडलंय. इलेक्ट्रिशियनने बॉक्स्टर बघितली आहे एक, अकरा हजारांची, टप जरा फाटलेला. आम्ही सगळे मिळून ती बघायला जाणार आहोत.

मित्राचा फोटो आला मागच्या महिन्यात. अंगणात पांढरी वॅगनआर, सेकंडहँड, 2016 ची. ही गाडी भारतात आली 1999 च्या डिसेंबरात, म्हणजे त्याच्या 911 च्याच वयाची जात. आमच्या गल्लीत तेव्हा तिला 'डबा' म्हणायचे, मीही म्हणायचो. फोटोत पुढच्या सीटवर काकू बसल्या आहेत, दार उघडं, पाय अजून बाहेर. डॅशबोर्डावर तोच गणपती. खाली लिहिलंय: 'खुब्याला खाली वाकायला बंदी आहे, ही बरोबर उंचीची निघाली. कुणाचा हात न धरता बसली. आता सांगा, कितीला घेतली असेल?'

लगेच सगळे कामाला लागलो. मी अडीच लाख सांगितले, गुजराती मित्राने तीन वीस. पोलिश मित्राने डॉलरमध्ये सांगा म्हणून गोंधळ घातला. खरा आकडा तीन दहा निघाला. मेकॅनिकने फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि त्याने विचारलं, सर्व्हिस रेकॉर्ड आहे का?